वहीत लिहायचं आणि मनात साठवायचं नाही ते

बाळ, रिपोर्ट आल्यापासून तू नीट जेवत नाहीस आणि कुणाशी धड बोलत नाहीस, असं तुझी आई म्हणाली. डायबेटिससोबत माझं निम्मं आयुष्य गेलंय, म्हणून आत्याच्या हक्काने चार गोष्टी सांगते. डॉक्टर तुला काही महिन्यांतून एकदा, थोडा वेळ भेटणार. बाकीचे सगळे दिवस हे दुखणं तुलाच सांभाळायचंय. तेव्हा ते समजून घ्यायचा आणि विचारायचा पहिला मान तुझा.

आकड्यावरून स्वतःला बोल लावू नकोस. १९० आला की लगेच "काल काय खाल्लंस?" असं कुणी विचारेल. जागरण, ताप, कामाचा ताण यांनीही शुगर वाढते. वहीत आकड्याशेजारी दोन शब्द लिही: "झोप नाही", "लग्नाचं जेवण", "संध्याकाळी चालले". काही आठवड्यांत आपलं शरीर कशाने बिघडतं आणि कशाने सावरतं, ते तुझं तुलाच कळेल.

डॉक्टरांकडे प्रश्न लिहून ने. तीनच ने, महत्त्वाचा सगळ्यात वर. "माझं एचबीए१सी किती असावं?" हे विचारच. दोन-तीन महिन्यांची सरासरी त्यात कळते. बऱ्याच जणांना ते ७ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगतात, पण वय आणि इतर आजार पाहून हे प्रत्येकाचं वेगळं ठरतं. गोळी सोसत नसेल किंवा परवडत नसेल तर तसं स्पष्ट सांग, परस्पर बंद करू नकोस. डोळ्यांचा पडदा, लघवी आणि पाय वर्षातून एकदा तपासून घ्यायची आठवण तूच कर. पुढे कधी इन्सुलिन सुरू करायला सांगितलं, तर आपलं काही चुकलं असं समजू नकोस. वर्षं सरतात तशी स्वादुपिंडाची ताकद कमी होत जाते.

शुगर उतरली तर काय करायचं, हे घरच्यांना आजच शिकव. घाम, थरथर, धडधड जाणवली आणि आकडा ७० च्या खाली असला, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. पेढा किंवा चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

सणावाराला काय बोलायचं ते आधीच ठरव. "एवढ्याशाने काय होतंय" असा आग्रह होणारच. "अर्धी पोळी घेणार आहे, तेवढीच वाढा," असं हसून सांग आणि ती अर्धी चवीने खा. लपून खाल्लेल्या घासाने जीव जास्त खंतावतो. उपास करायचा असेल तर गोळ्यांचं काय करायचं ते आधी विचार. साबुदाण्यानेही शुगर चढते.

आणि मनाचं. रोज टोचणं, मोजणं, जपणं, याचा कंटाळा येतो. तो आला म्हणजे तू कमकुवत नाहीस. कुणी बोलायला लागलं तर म्हण, "पहारा नको, माझ्याबरोबर चालायला चल." पण दोन आठवडे झोप, भूक, उत्साह हरवलेला राहिला तर अंगावर काढू नकोस. सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. पुढच्या भेटीत डॉक्टरांनाही सांग. शुगरच्या आकड्याखाली तुझ्या मनाची नोंदही त्याच फाइलीत झाली पाहिजे, आणि ती करून घ्यायची तूच.