जुनी ॲनिमेशन्स उघडत नाहीत

प्रश्न : मूडलवरच्या माझ्या दहावीच्या विज्ञान कोर्समधली विद्युतमंडलाची ॲनिमेशन्स आता चालत नाहीत. नवी कशी बसवू? मुलांनी ती हाताळली की नाही, हे मला कळेल का?

उत्तर : ती फ्लॅशमधली असणार. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला, तेव्हा दुरुस्तीच्या नादी लागू नका. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पाची एचटीएमएल५ सिम्युलेशन्स वर्गात वापरायला मोफत आहेत, अनेक तर मराठीतही. तिथला एम्बेड कोड मूडलच्या एडिटरमध्ये एचटीएमएल दृश्य उघडून चिकटवा. आयफ्रेमची रुंदी पिक्सेलऐवजी १०० टक्के ठेवा. नाहीतर मोबाइलवर अर्धं सर्किट पडद्याबाहेर जातं.

दुसरं मात्र जमणार नाही. आयफ्रेम ही नुसती खिडकी. पलीकडे मुलानं काय केलं, त्याची नोंद मूडलच्या गुणपत्रकात होत नाही. म्हणून लगेच खाली असाइनमेंट ठेवा : दोन बल्ब आधी एकसर, मग समांतर जोडा, दोन्ही वेळचं अमीटरचं वाचन लिहा आणि जोडणीचा स्क्रीनशॉट द्या. (नुसतं ‘बघितलं का?’ विचारलंत, तर सगळेच हो म्हणतील!) शाळेत नेट रखडत असेल तर सिम्युलेशनची फाइल आधीच उतरवून घ्या, ती ब्राउझरमध्ये इंटरनेटविना चालते.