गोल झाला की नाही?

कोणताही मैदानी खेळ घ्या, त्यात शेवटी भांडण होते ते एखाद्या रेषेवरून. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा हात मध्यरेषेला लागला की नाही, क्रिकेटमध्ये बॅट क्रीजच्या आत टेकली होती की नाही, फुटबॉलमध्ये चेंडू गोलरेषा ओलांडून गेला की नाही, एवढ्याशा प्रश्नावर सामन्याचा निकाल फिरतो. बर्फावरच्या हॉकीत तर या एकाच कामासाठी गोलाच्या जाळीमागे एक स्वतंत्र माणूस बसवण्याची प्रथा आहे. त्याला आपण ‘गोलपंच’ म्हणू. आता सगळीकडे कॅमेरे आले. मग या गोलपंचाची गरज उरली आहे का?

विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर शोधायला मोठे भौतिकशास्त्र लागत नाही. प्रकाश सरळ रेषेत जातो, समरूप त्रिकोणांच्या बाजू प्रमाणात असतात आणि वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, एवढे तीन धडे पुरेत.

जाळीमागचा पंच

बर्फावरच्या हॉकीत चेंडू नसतो. ७.६ सेंमी. व्यासाची आणि २.५ सेंमी. जाडीची कडक रबराची चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. बर्फ पांढरा, चकती काळी आणि गोलरेषा तांबडी, सुमारे ५ सेंमी. रुंदीची. नियम असा, की सबंध चकती सबंध रेषेच्या पलीकडे गेली तरच गोल. चकतीची कडा रेषेवर किंचितही असली तर गोल नाही.

फार पूर्वी गोलपंच बर्फावरच, गोलाच्या मागे उभा राही आणि गोल झाला की हातरुमाल हलवी. पुढे त्याची जागा संरक्षक काचेच्या मागे गेली आणि रुमालाऐवजी हाती बटन आले. बटन दाबले की तांबडा दिवा लागतो. अंतिम निर्णय मात्र बर्फावरच्या मुख्य पंचाचाच. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये १९९१ सालापासून गोलाच्या निर्णयासाठी चित्रफीत पुन्हा पाहण्याची सोय झाली. त्यानंतर गोलपंचाचे महत्त्व कमी होत गेले आणि काही ठिकाणी त्याची काचेमागची जागाही प्रेक्षकांना देण्यात आली.

पहिला प्रश्न : जागेचा

गोलपंच अगदी जवळ बसतो, म्हणजे त्याला सर्वांत चांगले दिसत असणार, असे वाटते. आपण हिशोब करून पाहू.

समजा, गोलपंचाचे डोळे बर्फापासून १.२ मी. उंचीवर आहेत आणि गोलरेषा त्याच्यापासून ४ मी. दूर आहे. चकती त्याच्या आणि रेषेच्या मध्ये बर्फावर पडली आहे. चकतीला २.५ सेंमी. जाडी असल्यामुळे तिच्या पलीकडचा थोडा बर्फ त्याला दिसणार नाही. भिंतीमागचे दिसत नाही तसेच हे. किती बर्फ झाकला जाईल? समरूप त्रिकोणांवरून,

झाकलेली लांबी = चकतीची जाडी × अंतर ÷ डोळ्यांची उंची
= २.५ × ४ ÷ १.२ = सुमारे ८.३ सेंमी.

आता समजा, चकती रेषेच्या पूर्णपणे पलीकडे ३ सेंमी. गेली आहे. नियमाप्रमाणे हा गोल आहे. पण गोलपंचाला ती ३ सेंमी.ची पांढरी फट दिसणार नाही, आणि तिच्या मागची ५ सेंमी.ची तांबडी रेषाही दिसणार नाही, कारण दोन्ही मिळून ८ सेंमी. होतात. त्याला चकती रेषेवरच आहे असे वाटेल! जवळ बसूनही तो फसतो, कारण त्याची दृष्टी तिरपी आहे.

हाच प्रसंग वरून पाहिला तर? गोलाच्या वर टांगलेल्या कॅमेऱ्याची दृष्टी जवळजवळ उभी असते. त्यामुळे चकतीच्या जाडीने काही झाकले जात नाही. गोलाची आडवी दांडी रेषेच्या वरच येत असल्याने रेषा झाकली जाईल हे खरे; पण दांडी आणि चकती यांच्यामध्ये पांढरा बर्फ दिसला की गोल झाला, हे लगेच कळते.

मग गोलपंच बसवला तरी कशासाठी? कारण समोरून पाहणाऱ्या मुख्य पंचाच्या वाटेत गोलरक्षक आणि खेळाडूंचे पाय येतात. मागच्या बाजूला फक्त जाळी असते. गोलपंचाची किंमत त्याच्या तीक्ष्ण डोळ्यात नव्हती. मुख्य पंचाला न मिळणारी जागा त्याला मिळत होती.

दुसरा प्रश्न : वेळेचा

चकती सेकंदाला ३० मी. म्हणजे ताशी १०८ किमी. वेगाने सहज जाते. आपली पापणी मिटून उघडायला साधारण एकदशांश सेकंद लागतो. तेवढ्यात चकती ३ मी. गेलेली असते! ती आत जाऊन मागच्या दांडीवर आपटून परत बाहेर आली, तरी पापणी मिटलेल्या पंचाला पत्ता लागायचा नाही.

वेळेचा हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे तो क्रिकेटमुळे. १४ नोव्हेंबर १९९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील डर्बनच्या कसोटीत आपला सचिन तेंडुलकर जॉन्टी ऱ्होड्सच्या फेकीवर धावचीत झाला. मैदानावरचे पंच सिरिल मिचली यांनी स्वतः निर्णय न देता तो पडद्यासमोर बसलेल्या कार्ल लिबेनबर्ग यांच्याकडे सोपवला. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये तिसऱ्या पंचाने बाद ठरवलेला पहिला फलंदाज म्हणून सचिनची नोंद झाली. त्याच्या धावा होत्या ११.

मैदानावरच्या पंचाला हे का अवघड जाते? धावचीतच्या वेळी त्याला दोन गोष्टी एकाच क्षणी पाहायच्या असतात : बेल उडाली कधी आणि बॅट कुठे होती. यष्ट्या आणि क्रीज यांत १.२२ मी. अंतर असते. २० मी.वर उभ्या असलेल्या पंचाच्या डोळ्याशी या अंतराने सुमारे ३.५ अंशांचा कोन होतो. पण आपल्या डोळ्याला अगदी स्पष्ट दिसते ते फक्त सुमारे २ अंशांत. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढ्या भागात. डोळ्याच्या पडद्यावरील पीतबिंदूच्या मध्याची ही मर्यादा आहे. म्हणून पंच बेलकडे नीट पाहील तेव्हा बॅट अंधूक दिसेल, आणि बॅटकडे पाहील तेव्हा बेल. कॅमेरा या दोन्ही गोष्टी एकाच चित्रात पकडतो.

पण कॅमेऱ्यालाही मर्यादा आहे. सेकंदाला २५ चित्रे घेणारा कॅमेरा धरा. धावणारा फलंदाज सेकंदाला ६ मी. जात असेल तर दोन चित्रांच्या मधल्या काळात तो २४ सेंमी. पुढे जातो. बेल नेमकी दोन चित्रांच्या मध्येच उडाली तर काय? त्या २४ सेंमी.त काय घडले ते कॅमेऱ्यालाही ठाऊक नसते. सेकंदाला २५० चित्रे घेतली तर ही अनिश्चितता २.४ सेंमी.वर येते. कमी होते, शून्य होत नाही.

तिसरा प्रश्न : आडोशाचा

फुटबॉलमध्ये हे सगळे प्रश्न एकत्र आले. २७ जून २०१० रोजी विश्वचषकात जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा फटका आडव्या दांडीच्या खालच्या बाजूला लागून रेषेच्या चांगला आत टप्पा पडून बाहेर आला. गोल दिला गेला नाही. बाजूचा साहाय्यक पंच खेळाबरोबर मैदानात पुढे असतो, गोलरेषेच्या सरळ रेघेत नसतो. समजा, तो त्या रेघेपासून १० मी. पुढे आहे आणि जवळचा खांब त्याच्यापासून मैदानाच्या रुंदीच्या दिशेने ३० मी.वर आहे. मग गोलाच्या मध्यावर, म्हणजे खांबापासून ३.६६ मी. पलीकडे, १.२ मी. आत गेलेला चेंडूसुद्धा त्याला खांबाच्या रेघेतच दिसेल (१० × ३.६६ ÷ ३०). पाहण्याची जागा बदलली की वस्तूची जागा बदलल्यासारखी वाटते. याला पराशय म्हणतात. मोजपट्टी तिरपी पाहिली की प्रयोगशाळेत तुमचे मापन चुकते ते यामुळेच.

मग खांबाजवळ आणखी एक पंच उभा करून पाहिले गेले. पण १९ जून २०१२ रोजी युरोपीय स्पर्धेत युक्रेनचा चेंडू इंग्लंडच्या जॉन टेरीने रेषेच्या आतून बाहेर मारला, आणि काही पावलांवर उभ्या असलेल्या त्या पंचालाही ते कळले नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये फुटबॉलच्या नियममंडळाने गोलरेषेसाठी यंत्रणेला मान्यता दिली. २०१४ च्या विश्वचषकात प्रत्येक गोलावर सात कॅमेरे रोखलेले होते. गोल झाल्याचा संकेत सेकंदाच्या आत पंचाच्या मनगटावरील घड्याळात येई.

आता तरी प्रश्न सुटला? १७ जून २०२० रोजी इंग्लंडमध्ये ॲस्टन व्हिला आणि शेफील्ड युनायटेड यांच्या सामन्यात व्हिलाचा गोलरक्षक चेंडू हातात घेऊन रेषेच्या आत गेला. घड्याळ गप्प राहिले. गोलरक्षक, दुसरा खेळाडू आणि खांब यांचा सातही कॅमेऱ्यांना आडोसा झाला होता. यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीने चूक कबूल केली. सामना ०–० सुटला, आणि हंगामाअखेर व्हिला खालच्या श्रेणीत जाण्यापासून वाचला तो एका गुणाने! प्रकाश सरळ रेषेतच जातो. कॅमेऱ्यासाठी तो वळसा घेत नाही.

टेनिसमध्ये विंबल्डनने २०२५ साली रेषापंच काढून टाकून सर्व काम यंत्राकडे दिले. त्याच वर्षी एका सामन्यात मैदानाच्या एका भागातील यंत्रणा माणसाच्या हातून चुकून बंद राहिली, आणि बाहेर पडलेल्या चेंडूवर कोणीच आवाज दिला नाही. रेषेवर माणूस नव्हता.

करून पाहा

मेहरूणमध्ये बर्फ नाही म्हणून अडायला नको. बूट पॉलिशची छोटी डबी साधारण चकतीएवढीच असते.

१. शाळेच्या व्हरांड्यात खडूने ५ सेंमी. रुंदीची रेषा काढा. तिच्या पलीकडे ३ सेंमी. फट ठेवून डबी ठेवा.

२. डबीच्या बाजूने ४ मी.वर खुर्ची ठेवून बसा. डोळे जमिनीपासून सुमारे १.२ मी.वर येतात. फट दिसते का? डबी हळूहळू स्वतःकडे सरकवायला सांगा आणि फट प्रथम दिसेल तेव्हा ती मोजा. वरच्या हिशोबाशी ताडून पाहा.

३. आता रेषेच्या टोकाशी बसून रेषेच्या सरळ रेघेत पाहा. नंतर उभे राहून बरोबर वरून पाहा.

४. एकाने डबी रेषेकडे घसरवावी. तीन मित्रांनी तीन जागांवरून ‘गोल’ किंवा ‘नाही’ असे एकमेकांना न विचारता लिहावे. डबी थांबल्यावर खरे काय ते मोजावे. असे वीस वेळा करा. कोणत्या जागेवरून चुका सर्वांत कमी होतात?

पुष्कळ मोबाइल फोनांत सेकंदाला २४० चित्रे घेण्याची सोय असते. शिक्षकांनी त्याने चित्रण करून चौथा ‘पंच’ म्हणून वापरावे.

मग गोलपंच हवा की नको?

जिथे गोलावर योग्य जागी, पुरेसे आणि वेगवान कॅमेरे आहेत, तिथे जाळीमागच्या माणसाचा निर्णयासाठी उपयोग फारसा उरलेला नाही. तो तिरपा पाहतो आणि त्याला फेरतपासणी करता येत नाही. पण कॅमेरे बंद पडतात, त्यांना आडोसा होतो, आणि तेव्हा पाहिल्याचे सांगणारा कोणी हवा असतो.

जिथे कॅमेरेच नाहीत, तिथे तर प्रश्नच नाही. आपल्याकडचे बहुतेक सामने असेच होतात. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये फलंदाजी करणाऱ्या बाजूचाच एक मुलगा पंच असतो आणि एका धावचीतवरून खेळ मोडतो. शाळांच्या स्पर्धेत एखाद्या संघाची वर्षभराची मेहनत एका रेषेवर जाते. तिथे खर्चाचे यंत्र नको. प्रत्येक महत्त्वाच्या रेषेच्या टोकाशी, रेषेच्या सरळ रेघेत, दोन्ही संघांबाहेरचा एक विद्यार्थी बसवा. त्याचे काम एकच, रेषा पाहणे. धावचीतसाठी एकाने बेल पाहावी, दुसऱ्याने बॅट. बेल उडताच पहिल्याने हाक द्यावी आणि त्या क्षणी बॅट कुठे होती ते दुसऱ्याने सांगावे.

डोळा माणसाचा असो वा यंत्राचा, त्याला तीनच प्रश्न विचारायचे : तू कुठे आहेस, किती वेगाने पाहतोस आणि तुझ्या वाटेत काय आहे? उत्तरे समाधानकारक असतील तर त्याचा निर्णय मानावा.

विचार करा

१. गोलपंचाची खुर्ची २.४ मी. उंचीपर्यंत नेली, अंतर तेवढेच ठेवले, तर झाकलेली लांबी किती होईल?

२. सेकंदाला ३० मी. वेगाने जाणारी चकती ५ सेंमी.हून अधिक न सरकता दोन चित्रांत यावी, तर कॅमेऱ्याने सेकंदाला किमान किती चित्रे घेतली पाहिजेत?