देश, काल, पात्र आणि एक ड्रिल मशीन



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय 17, श्लोक 20 ते 22.

या तीन श्लोकांत भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. देणं हे कर्तव्यच आहे अशा भावनेने, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक. काहीतरी परत मिळावं म्हणून, किंवा जड मनाने दिलेलं ते राजस. आणि अस्थानी, अवेळी, अपात्र माणसाला, किंवा समोरच्याचा मान न राखता तुच्छतेने दिलेलं ते तामस.

दान म्हटलं की आपल्याला पैसा, अन्न, रक्तदान आठवतं. हातातलं कसबही दान करता येतं, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. मी सध्या स्कॉटलंडमध्ये, एडिंबरात राहते आणि सवड मिळेल त्या शनिवारी इथल्या टूल लायब्ररीत सेवेला जाते. सभासदांनी पुस्तकांसारखी हत्यारं घरी न्यायची आणि काम झालं की परत आणायची. अमेरिकेतल्या बर्कली शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने अशी सोय 1979 मध्येच केली होती. एडिंबरातली लायब्ररी 2015 साली सुरू झाली, ती ब्रिटनमधली पहिली. भिंतीत दोन भोकं पाडायला प्रत्येक घरात वेगळं ड्रिल मशीन कशाला, इतका साधा हिशोब. पण मशीन मिळालं तरी ते चालवायचं कसं, हे सांगणारं कुणीतरी लागतंच. तिथे आम्ही स्वयंसेवक उपयोगी पडतो.

माझे बाबा फिटर. खंडेनवमीला आमच्याकडे पाने, पक्कड, करवत, सगळं पुसून, हळदकुंकू लावून पुजलं जायचं. त्यामुळे हत्यारांची भीती मला कधी वाटली नाही. हे तीन श्लोक मात्र मला लायब्ररीच्या काउंटरमागे उभं राहिल्यावर खरे उमगले.

पात्र म्हणजे कोण? समजा, कुणी लोखंडी पाइप कापायला ग्राइंडर मागतोय. पायात चपला, गळ्यात लोंबता मफलर, शिवाय घाई. त्या क्षणी त्याच्या हातात ग्राइंडर ठेवणं हे दान नव्हे. डोळ्यांशी खेळ आहे तो. पण म्हणून त्याला परत पाठवायचं का? त्याला सांगायचं : मफलर काढ, चांगले बूट आणि गॉगल घाल, गार्ड काढू नकोस, डिस्कवर छापलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नाही ना बघ, दोन्ही हातांनी धर. दहा मिनिटांत तोच माणूस पात्र होतो! पात्रता ही माणसाच्या कपाळावर लिहिलेली नसते. ती शिकवता येते, आणि शिकवणाऱ्याने त्यासाठी वेळ काढावा लागतो. आणि घाई असेलच, तर ‘आज नको, पुढच्या शनिवारी ये’ हे सांगणंही त्या दानाचाच भाग.

राजस कुठे शिरतं? ‘दे इकडे, मीच करून देते’ या वाक्यात. ऐकायला किती प्रेमळ! काम झटपट होतं, समोरचा आभार मानतो, आपल्याला बरं वाटतं. पण पुढच्या वेळी तो पुन्हा आपल्यालाच शोधत येतो, आणि मनाला नेमकं तेच हवं असतं. म्हणून मी शिकवताना हात पाठीमागे बांधून उभी राहते. तो पेन्सिलीने खूण करतो. स्विचच्या सरळ वर किंवा खाली वायर असू शकते, म्हणून ती जागा टाळतो. बिटवर हव्या त्या खोलीला चिकटपट्टी लावतो. विटेच्या भिंतीसाठी हॅमर मोड चालू करतो आणि मशीन सरळ धरतो. भोक थोडं वाकडं गेलं तरी ते त्याचं असतं. आपल्याशिवाय त्याचं काम अडू नये, इथेच अपेक्षा सुटते.

आणि तामस? ते आवाजात असतं. ‘एवढंही येत नाही?’ मशीन तेच, माहिती तीच, वेळही दिलेला. पण या एका वाक्याने सगळं दान तामस होतं. ज्याने आयुष्यात कधी स्क्रू फिरवला नाही, त्याला इथवर यायलाच धीर लागलेला असतो. असा खजील झालेला माणूस परत येत नाही. मग भगवंतांनी अवमानाचा उल्लेख इतक्या स्पष्टपणे का केला असेल, ते कळतं.

आपल्या संतांकडे पाहा. गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, नरहरी सोनार. त्यांचा व्यवसाय त्यांच्या नावातच आहे. हातातलं काम बाजूला ठेवून त्यांनी भक्ती केली नाही. आपल्या हातातही काहीतरी आहेच. कुणाला शिवण येतं, कुणाला सायकलचं पंक्चर काढता येतं, कुणाला मिक्सर उघडून नीट करता येतो.

आजची साधना : तुम्हाला येणारं असं एक काम निवडा आणि या आठवड्यात एका माणसाला शिकवा. शिकवताना हात मागे ठेवा आणि आवाज खाली. तो चुकत असताना तुम्हाला किती वेळ गप्प राहता आलं, तेवढं फक्त रात्री नामस्मरणाआधी स्वतःला विचारा.

राम कृष्ण हरी.