स्वरभक्ती : शेजारच्या स्वराची नक्कल

पालीचा अभ्यास सुरू करणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या काही दिवसांतच एक गोष्ट जाणवते. संस्कृतात 'रत्न' तर पालीत 'रतन', संस्कृतात 'क्रिया' तर पालीत 'किरिया', तिकडे 'अर्हत्' तर इकडे 'अरहन्त'. जोडाक्षर फुटते आणि मध्ये एक नवा स्वर येऊन बसतो. व्याकरणात याला स्वरभक्ती म्हणतात. येथे भक्ती म्हणजे उपासना नव्हे. 'भज्' म्हणजे वाटणे, त्यावरून भक्ती म्हणजे भाग, स्वराचा अंश.

आता प्रश्न असा, की मध्ये येणारा स्वर 'अ' असावा, 'इ' असावा की 'उ', हे कोण ठरवते? पुष्कळदा शेजारचा स्वरच ठरवतो. 'रतन', 'अरहन्त', 'गरहा' यांत आजूबाजूला 'अ' आहे, म्हणून 'अ' आला. 'श्री'चे 'सिरि', 'ह्री'चे 'हिरि' झाले, कारण पुढे 'इ'कार आहे. 'स्नुषा' म्हणजे सून. तिचे पालीत 'सुणिसा' झाले. तेथे 'स' आणि 'ण' यांमध्ये पुढच्या 'उ'ची नक्कल झाली.

मात्र हा नियम सरसकट लावू नये. 'पदुम', 'सुखुम' यांतील 'उ' हा ओठांनी उच्चारल्या जाणाऱ्या 'म'मुळे आला आहे. 'अरिय', 'सुरिय', 'विरिय' यांतील 'इ' ही 'य'ने ओढून आणलेली आहे. आणि 'गिलान' (आजारी), 'वजिर' यांत तर शेजारी 'इ' नसतानाही 'इ' आहे. पालीला 'इ'ची आवडच अधिक, असे म्हणावे लागते.

नक्कल खरोखर पाहायची असेल तर आपल्या मराठीतच पाहावी. अरबीतून फारसीमार्गे आलेले शब्द घ्या. 'हुक्म'चे आपण 'हुकूम' केले, 'जुल्म'चे 'जुलूम', 'मुल्क'चे 'मुलूख', 'फिक्र'ची 'फिकीर'. 'कुफ्ल' या शब्दातील अक्षरांची तर अदलाबदल झाली आणि मग 'कुलूप' तयार झाले. (आम्हा बँकेत काम करणाऱ्यांचा या शब्दाशी रोजचाच संबंध!) कोणी म्हणेल, 'हुकूम', 'जुलूम' यांत शेवटी 'म' आहे, तेव्हा 'पदुम'प्रमाणे हा 'उ'ही 'म'मुळेच आला असेल. पण मग 'नर्म', 'गर्म', 'शर्म', 'जख्म' यांचे 'नरम', 'गरम', 'शरम', 'जखम' कसे झाले? 'म' तोच, स्वर मात्र 'अ'. म्हणजे येथे हुकूम चालतो तो मागच्या स्वराचा. 'उम्र'चे 'उमर' असे अपवाद आहेत, ते नाकारण्याचे कारण नाही.

असे का होते? 'हु' म्हणताना ओठ गोल झालेले असतात. मध्ये क्षणभर 'क' येतो, त्याला ओठांचे काही काम नाही. नवा स्वर घालायचाच तर ओठ आहेत तसेच ठेवणे सोपे. 'र', 'ल', 'न', 'ह' हे वर्ण मध्ये असले तर ही नक्कल अधिकच सहज होते. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत 'गोर्म' (निळा) असे लिहितात आणि 'गोरोम' असे उच्चारतात. उत्तर अमेरिकेतील होचंक या आदिवासी भाषेत तर पुढचा स्वर जोडाक्षराच्या मध्ये जसाच्या तसा घालण्याचा नियमच आहे. तो डॉर्सी या अभ्यासकाच्या नावाने ओळखला जातो.

हा पाहुणा स्वर आपल्याकडे किती रुळला तेही पाहण्यासारखे आहे. 'बेडूक'चे जसे 'बेडकाला' होते, तसेच 'मुलूख'चे 'मुलखात', 'कुलूप'चे 'कुलपात', 'जुलूम'चे 'जुलमी'. परक्या शब्दाला घरचाच नियम लागू झाला.

पालीत मात्र काही ठिकाणी हा स्वर लिहिलेला असूनही मोजला जात नाही. धम्मपदातील यमकवग्गाच्या 9व्या आणि 10व्या गाथांचा शेवट 'अरहति' या शब्दाने होतो. त्या चरणांतील अक्षरे मोजली तर नऊ भरतात, आणि वृत्ताला हवी असतात आठ. 'अरहति' हा शब्द 'अर्हति' असा तीन अक्षरी धरला की हिशेब जुळतो. विद्यार्थ्यांनी या दोन्ही गाथा मोठ्याने म्हणून, बोटांवर अक्षरे मोजून पाहाव्यात.