डोळ्यांतून पाणी येते, तरीही डोळे कोरडे!

राधानगरी तालुक्यात पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल सुटते, दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. अशा मुलखात डॉक्टरने ‘तुमचे डोळे कोरडे पडले आहेत’ असे सांगितले, तर रुग्णाला ते पटणे अवघडच. एक मावशी मला म्हणाल्या, ‘‘सारखी धार लागलीया डोळ्याला, पदर भिजतोय, आन् तुम्ही म्हणताय डोळं कोरडं?’’ त्यांची शंका रास्त होती आणि ती पुष्कळांना पडते.

बुबुळावर अश्रूंचा अत्यंत पातळ थर सतत पसरलेला असतो. तो नुसता पाण्याचा नसतो. बुबुळाला धरून ठेवणारा चिकट द्रव, त्यात मिसळलेले पाणी आणि वर तेलाची साय, अशी त्याची घडण असते. तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येते. पापणी लवली की हा थर नव्याने सारवला जातो. तेल कमी पडले तर पाणी उडून जाते. काहींच्या डोळ्यांत पाणीच कमी तयार होते. मग बुबुळ उघडे पडून चुरचुरते आणि अश्रुग्रंथी एकदम भळभळा पाणी सोडते. उतारावरच्या रानात वळीव कोसळावा तसे ते गालावरून वाहून जाते, मुरत मात्र नाही. मावशींच्या पदराचे रहस्य हे असे.

डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी, जळजळ, दोऱ्यासारखा चिकट स्राव, संध्याकाळी डोळे जड होणे ही या विकाराची लक्षणे. आणखी एक खूण अशी, की वाचताना अक्षर धूसर होते आणि दोन-तीनदा पापण्या मिटल्या की पुन्हा स्पष्ट दिसते. खाज फार असेल तर मात्र ॲलर्जीचा संशय अधिक.

पन्नाशीनंतर, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांत, हा त्रास जास्त आढळतो. गुऱ्हाळावर चुलवाणापुढे बसणारे, चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बायका, चष्म्याविना मोटारसायकल हाकणारे यांनाही तो होतो. आता तरुणांचीही भर पडली आहे. एरवी आपली पापणी मिनिटाला सुमारे 15 वेळा लवते. मोबाईलकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्याच्याही खाली येऊ शकते. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या आणि मानसिक विकारांवरची काही औषधे अश्रू कमी करतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडे पडत असेल, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नसेल आणि सांधे सुजत असतील, तर तो श्योग्रेनचा आजार असू शकतो. हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने 1933 मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. त्यासाठी रक्ततपासणी लागते.

आता मुख्य मुद्दा. डोळा लाल झाला की औषध दुकानातून ‘मागच्या वेळचेच ड्रॉप’ आणायची आपल्याकडे सवय आहे. त्यातल्या अनेक बाटल्यांत स्टेरॉईड असते. लाली दोन दिवसांत जाते, म्हणून माणूस खूष होतो आणि महिनोन् महिने तेच घालत राहतो. त्याने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर येतो. दुसरा धोका ऊसकऱ्यांचा. पाला काढताना उसाचे पान बुबुळाला लागले, तर त्या जखमेत बुरशी वाढू शकते. त्यावर स्टेरॉईड म्हणजे बुरशीला खतच! शेवटी डोळ्यात फूल पडते. पान लागल्यावर डोळा दुखू लागला, उजेड सहन होईना, नजर अंधुक झाली किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर तो कोरडेपणा समजू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात नेत्रविभाग आहे. एक दिवसाची मजुरी बुडेल, हे मला ठाऊक आहे, तरीही जावे.

साध्या कोरडेपणाचा उपचार कठीण नाही. स्वच्छ फडके कोमट पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवावे. कापड आधी मनगटावर लावून पाहावे. मधुमेह्यांना चटका चटकन कळत नाही, त्यांनी ते दुसऱ्याकडून तपासून घ्यावे. नंतर वरची पापणी वरून खाली व खालची खालून वर, अशी हलक्या बोटाने चोळावी. त्यामुळे घट्ट झालेले तेल सुटते. वाचताना वा मोबाईल पाहताना दर 20 मिनिटांनी नजर लांब टाकावी व पापण्या पूर्ण मिटाव्यात. पंख्याचा झोत तोंडावर घेऊन झोपू नये. मध, एरंडेल, गुलाबपाणी, बाळंतिणीचे दूध यांतले काहीही डोळ्यात घालू नये. शेजारणीला गुण आला असला तरीही.

एवढ्याने भागले नाही तर कृत्रिम अश्रूंचे थेंब मिळतात. त्यांत स्टेरॉईड नसते. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील, तर परिरक्षक नसलेले थेंब डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत. बाटलीचे टोक पापणीला लावू नये. झाकण उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी आणि महिना झाला की उरलेले औषध टाकून द्यावे. एकच बाटली घरातल्या सगळ्यांनी वापरू नये.