बाळंतपणाचे साहाय्य : मेहरबानी की हक्क?

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, "बाळंतिणीला सरकार पैसे देते ते दया म्हणून, की द्यावेच लागतात म्हणून?" प्रश्न लहान होता, पण त्याच्या उत्तरास आम्हांला दोन रविवार लागले. त्या चर्चेतील मुख्य भाग सभासद व विद्यार्थी बंधुभगिनींसाठी येथे देत आहोत.

या प्रश्नाची सुरुवात आपल्या मुंबईतच सापडते. 1928 च्या जुलै महिन्यात मुंबई कायदे कौन्सिलात कारखान्यांतील स्त्री-कामगारांना बाळंतपणाची रजा व भत्ता देणारे बिल चर्चेस आले. प.पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा कौन्सिलचे नियुक्त सभासद होते. मातेला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असे त्यांनी सांगितले. मग खर्च कोणी करावयाचा? लोककल्याण सांभाळणे हे मुख्यतः सरकारचे काम असल्याने मोठा भार सरकारने उचलावा. परंतु मालकालाही मोकळे सोडता येणार नाही, कारण तो स्त्रियांना कामावर ठेवतो तो स्वतःच्या फायद्यासाठी, ही त्यांची भूमिका होती. 1929 साली कायदा झाला. त्यात भार मालकावर टाकला गेला, सरकारचा वाटा राहूनच गेला!

संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा यानंतर वीस वर्षांनी, 10 डिसेंबर 1948 रोजी आला. त्याच्या कलम 16 प्रमाणे कुटुंबाला समाजाचे व राज्याचे संरक्षण मिळण्याचा हक्क आहे. कलम 25 प्रमाणे माता व बालक यांना विशेष काळजी व साहाय्य मिळाले पाहिजे. जाहीरनामा कायद्याने बांधत नाही. पण 1966 चा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा करार बांधतो, आणि भारताने तो 1979 साली स्वीकारला. त्याच्या कलम 10 मध्ये कष्टकरी मातेला पगारी रजा अथवा पुरेशी सामाजिक सुरक्षा द्यावी, असे स्पष्ट आहे.

येथे वर्गातून हमखास शंका येते, की देश गरीब असेल तर सरकार देणार कोठून? करार करणाऱ्यांनी हा विचार केला होता. कलम 2 म्हणते, की हे हक्क क्रमाक्रमाने पूर्ण करता येतील, मात्र हाती असलेल्या साधनांचा जास्तीत जास्त उपयोग करून. म्हणजे हळू चालण्यास मुभा आहे, बसून राहण्यास नाही. एकदा दिलेले मागे घ्यावयाचे तर त्याचे सबळ कारण सरकारनेच दाखवावे लागते.

आपल्या राज्यघटनेचे कलम 42 प्रसूती साहाय्याची तरतूद करण्यास राज्याला सांगते. ते मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने केवळ त्याच्या बळावर न्यायालयात जाता येत नाही. तरीही 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारी स्त्री-कामगारांच्या खटल्यात त्याचाच आधार घेतला आणि हजेरीपटावरील बाईलाही प्रसूतीचा लाभ देवविला. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यातील रजा 2017 साली पहिल्या दोन अपत्यांसाठी 12 वरून 26 आठवडे झाली. चांगलेच झाले.

पण हजेरीपटच नसेल तर? मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारे जोडपे घ्या. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. उचल घेतली जाते ती त्या कोयत्यावर, बाईची स्वतंत्र नोंद कुठेच नसते. 26 आठवडे मागावयाचे कोणाकडे? मुकादमाकडे? पोटुशी बाई मोळी वाहते, बाळंतपण कोपीवर होते आणि खाडा झाला तर दंड बसतो. 2019 साली बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कारणे अनेक असतील, पण आजारपणात हक्काची रजा नसणे हे त्यांतले एक आहे, असे आमचे मत आहे.

अशा भगिनींसाठीच 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याचे कलम 4 महत्त्वाचे. सरकारी नोकरीतील व तत्सम लाभ मिळणाऱ्या वगळून प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान 6,000 रुपये, असे ते म्हणते. प्रत्यक्षात 2017 पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत 5,000 रुपये आणि तेही पहिल्याच अपत्यासाठी देण्यात येऊ लागले. उरलेले हजार जननी सुरक्षा योजनेतून सरासरीने भरून निघतात, असा सरकारचा हिशेब! 2022 पासून दुसरी मुलगी झाल्यास 6,000 रुपये मिळतात. दुसरा मुलगा झाला तर काही नाही. जणू त्या बाळंतपणात बाईचे रक्त कमी गेले. 'सरकार आखील त्या योजनेस अधीन राहून' असे शब्द कायद्यात आहेत, त्यांवर सरकार बोट ठेवते. आमच्या मते योजनेने कायदा राबवावा, त्यास कात्री लावू नये.

त्या विद्यार्थिनीने दुसऱ्या रविवारी आपल्या वहिनीचे माता-बाल संरक्षण कार्ड आणले. वहिनीचे नाव अंगणवाडीत नोंदले होते, पण बँकेचे खाते आधारला जोडलेले नसल्याने हप्ता अडला होता. आम्ही अर्ज लिहून दिला. अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे व त्यावर राज्य अन्न आयोगाकडे जाता येते, हेही त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवले आहे.