नोंदवहीत नसलेल्या स्त्रिया

बाह्यरुग्ण विभागाची नोंदवही आलेल्यांचा हिशेब देते; न आलेल्यांचा देत नाही. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या मात्र अवघ्या ८ टक्के होत्या.

संकोच, घरच्यांची परवानगी आणि बुडणारी मजुरी यांमुळे आपल्या छत्रपती संभाजीनगर परिसरातील भगिनीही दुखणे अंगावर काढतात. जामखेडला १९७० साली सुरू झालेल्या आरोळे दांपत्याच्या प्रकल्पाने गावातील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून घडविले. म्हणून रुग्णसंख्येवर समाधान न मानता गावापर्यंत पोहोचणे आम्ही कर्तव्य मानतो. त्यासाठी देणगीदारांचे साहाय्य आणि कुटुंबीयांनी घरातील स्त्रीची केलेली विचारपूस, दोन्ही सारखीच मोलाची आहेत.